गळ्यावाचून एक प्रवेश

ब्राउनश्वाइगच्या डचेसला पत्ते खेळताना संगीत हवं असायचं, पण ते ऐकू यायला नको असायचं. म्हणून तिच्या महालात मैफल असली की वादकांच्या पायांखाली जाड गालिचा अंथरत आणि कुणी जोरात वाजवायचं नाही अशी सक्त ताकीद असे. एका संध्याकाळी दरबारात नव्यानंच लागलेला एक पोरगा नवा कॉन्चेर्तो घेऊन उभा राहिला आणि वाजवता वाजवता गालिचा, पत्ते, ताकीद सगळं विसरून पूर्ण ताकदीनं गज ओढू लागला. तेवढ्यात एका नोकरानं येऊन त्याचा दंड धरला. बाईसाहेबांचा निरोप होता : एवढं कराकरा घासू नका. पोरानं आणखी जोरात वाजवलं. मग अर्थातच बोलणी खाल्ली.

हा पोरगा म्हणजे लुडविग श्पोर. पुढं युरोपभर तो लुई श्पोर या नावानं ओळखला गेला. जन्म ५ एप्रिल १७८४, ब्राउनश्वाइगचाच. बालपण झेसेन गावी, वडील डॉक्टर. गालिच्याचा किस्सा त्यानं स्वतःच आत्मचरित्रात सांगितला आहे. म्हातारपणी लिहायला घेतलेलं हे आत्मचरित्र १८३८पर्यंतच्या आठवणींवर येऊन थांबलं. पुढचा भाग घरच्यांनी पूर्ण केला आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८६०-६१मध्ये, ते छापून आलं. म्हातारपणच्या आठवणी जशाच्या तशा घेऊ नयेत हे खरं. १८२० साली लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीत आपण खिशातून छडी काढून वाद्यवृंद चालवला असं तो ऐटीत सांगतो. ती छडी तालमीपुरतीच होती की मैफलीतही होती, यावर अभ्यासकांनी शंका काढल्या आहेत. गालिच्याच्या गोष्टीवर मात्र मी डोळे झाकून विश्वास ठेवतो. न ऐकणाऱ्या माणसांना ऐकायला कसं लावायचं, हा प्रश्न या माणसाला आयुष्यभर पुरला. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याचं उत्तर सोपं होतं, जोरात वाजवायचं. बत्तिसाव्या वर्षी त्यानं वेगळं उत्तर शोधलं. ते उत्तर म्हणजे त्याचा आठवा व्हायोलिन कॉन्चेर्तो, ए मायनर, ओपस ४७. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहाचा.

त्या कॉन्चेर्तोकडे जाण्याआधी थोडी वाट चालावी लागेल. आणि श्पोरनं ती बरीचशी पायीच चालली होती. दरबारात लागण्याआधी नशीब काढायला तो हॅम्बुर्गला गेला होता. तिथं कुणी विचारलं नाही, पैसे संपले, आणि पोरगा पायी परत निघाला. वाटेत त्यानं ठरवलं की थेट ड्यूकलाच अर्ज द्यायचा. ड्यूक राजवाड्याच्या बागेत फिरायला आला तेव्हा अर्ज त्याच्या हातात ठेवला. कुणाकडून लिहवून घेतलास, असं ड्यूकनं विचारलं असावं असा त्या प्रसंगाचा सूर आहे, आणि पोराचा सूर असा की दुसरं कोण लिहिणार? १७९९मध्ये नोकरी मिळाली. हा ड्यूक, कार्ल विल्हेल्म फर्डिनांड, पुढं १८०६मध्ये नेपोलियनच्या फौजेशी लढताना आउअरश्टेटला जखमी होऊन मेला. बायकोच्या पत्त्यांच्या डावापेक्षा त्याला संगीताची कदर जास्त असावी, कारण या पोराला चांगला गुरू मिळावा म्हणून त्यानं स्वतःच्या खर्चानं खटपट केली.

पहिलं नाव अर्थातच व्हिओत्तीचं होतं, त्या काळचा व्हायोलिनचा बादशहा. पण व्हिओत्ती तेव्हा लंडनमध्ये दारूचा व्यापार करत होता. शिष्य घ्यायला त्याला वेळ नव्हता. मग फ्रांझ एक या वादकाशी सौदा ठरला आणि १८०२मध्ये गुरू-शिष्य बग्गीतून रशियाकडे निघाले. शिकवणी सगळी प्रवासात, मुक्कामाच्या गावी. परतल्यावर ब्राउनश्वाइगलाच पिएर रोद या फ्रेंच वादकाला ऐकलं आणि पोरगा वेडा झाला. पुढचे कित्येक महिने त्यानं रोदचीच नक्कल केली. मला ही कबुली फार आवडते. आपल्याकडेही कित्येक मोठ्या गवयांनी सुरुवातीची वर्षं कुणाची तरी नक्कल करण्यात घालवली आहेत, पण छापील आठवणींत ते इतक्या सरळपणे लिहिलेलं क्वचित दिसतं.

रशियातून त्यानं एक ग्वार्नेरी व्हायोलिन आणलं होतं. १८०४मध्ये ते घेऊन तो पॅरिसला निघाला. गटिंगेन गावाच्या वेशीजवळ चोरांनी बग्गीच्या मागं बांधलेलं सामान दोर कापून लांबवलं. दुसऱ्या दिवशी शेतात व्हायोलिनची पेटी सापडली, रिकामी. झाकणाच्या आत अडकवलेला, तूर्त या नावाजलेल्या कारागिराचा गज मात्र तसाच होता. अंधारात चोरांना तो दिसलाच नसावा. पॅरिस राहून गेलं. वर्षाच्या शेवटी उसनवारीच्या नव्हे, पण दुसऱ्या व्हायोलिनवर त्यानं लाइपझिगला मैफल केली, रोखलित्स या दबदब्याच्या समीक्षकानं भरभरून लिहिलं, आणि वीस वर्षांचा श्पोर जर्मनीला माहीत झाला. व्हायोलिन बदललं, गज तोच राहिला. त्याच्या वादनाबद्दल समकालीनांनी जे लिहिलं आहे तेही बहुतेक गजाबद्दलच : लांब, भरदार, एका श्वासात न मावणारा सूर.

आता १८१६. श्पोर बत्तीस वर्षांचा, उंचापुरा, हाताचा पंजा अवाढव्य. गोथाची नोकरी, व्हिएन्नाचं थिएटर मागं पडलेलं. बायको डोरेट आणि मुली बरोबर घेऊन तो इटलीच्या दौऱ्यावर निघाला आहे. वाटेत स्वित्झर्लंडमध्ये, थून गावाजवळच्या टीराखर्न या खेड्यात काही महिने मुक्काम आहे. त्या वर्षी युरोपात उन्हाळा म्हणावा असा आलाच नाही, पण काम करायला ते वाईट नसावं. इटलीत आपल्यापुढं काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पना होती. तिथं श्रोते ऑपेराचे भक्त. वाद्यसंगीत त्यांच्या लेखी मधल्या वेळची करमणूक. नाट्यगृहांत लोक खोक्यांमध्ये बसून गप्पा मारणार, खाणार, आणि आवडत्या गायिकेची आवडती चीज आली की तेवढ्यापुरते गप्प बसणार. वाद्यवृंद कच्चे, तालमी जेमतेम. म्हणजे पुन्हा एकदा गालिचाच, फक्त मोठा.

यावर त्यानं जी युक्ती काढली ती शीर्षकातच आहे : गायनप्रवेशाच्या धर्तीवरचा कॉन्चेर्तो. एरवीच्या कॉन्चेर्तोत तीन सुटे भाग असतात, मधे थांबा असतो, वाद्यवृंद आधी सगळा मजकूर सांगून मोकळा होतो आणि मग एकल वादक येतो. श्पोरनं हे सगळं मोडलं. त्यानं इटालियन ऑपेरातला एक संपूर्ण प्रवेश घेतला, त्यातली गायिका काढून टाकली आणि तिच्या जागी स्वतः उभा राहिला. काहीही न तोडता, सलग वीसेक मिनिटं. वाद्यवृंदाला त्यानं मुद्दाम हलकं काम दिलं, म्हणजे कच्च्या वादकांनाही सांभाळता येईल. ही अडचणीतून आलेली काटकसर होती, पण मला वाटतं या रचनेचं निम्मं सौंदर्य तिथंच आहे. श्पोरच्या इतर कॉन्चेर्तोंत अर्ध्याअर्ध्या स्वरांनी घसरत जाणारी स्वरसंगत इतकी दाट होते की कान चिकट होतात, आमरसात साखर घालावी तसं. इथं तो दाटपणा परवडणारा नव्हता. रेघ उघडी राहिली.

सुरुवात वाद्यवृंदाची, आलेग्रो मोल्तो : गंभीर, थोडी संतापलेली, पडदा वर जाताना रंगमंचावर काहीतरी अघटित घडून गेलेलं आहे असं सांगणारी. आणि मग व्हायोलिन येतं. ते गात येत नाही, बोलत येतं. ऑपेरात ज्याला रेचितातीव्ह म्हणतात ते हे : शब्दांची चाल, गाण्याचे सूर. आपल्याकडं याला नेमका शब्द नाही, पण अनुभव आहे. कीर्तनकार आख्यान सांगता सांगता एका वाक्यावर सूर धरतो, अजून पद सुरू झालेलं नसतं आणि गद्य संपलेलं असतं, ती जागा. किंवा शाहीर डफ थांबवून जे फेकतो ते. प्रश्न असा की शब्दच नसतील तर बोलणं ऐकू कसं येणार?

इथं श्पोरची कारागिरी जवळून बघण्यासारखी आहे. एकाच स्वरावर तो थोडा रेंगाळतो, जसं माणूस वाक्य सुरू करताना पहिल्या शब्दांवर घुटमळतो. मग एखादी मोठी उडी, जणू आवाज चढला. वाक्याच्या शेवटी जवळजवळ प्रत्येक वेळी दोन स्वरांचा उतार : वरचा दाबून, खालचा सोडून. इटालियन भाषेत बहुतेक शब्दांचा जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि शेवटचं अक्षर सैल सुटतं. गायक ते असंच गातात, आणि श्पोर ते असंच वाजवतो. म्हणजे शब्द नाहीत, पण शब्दांचे कान-नाक-डोळे आहेत. मधे मधे वाद्यवृंद अडवतो, एखादा करडा होकार किंवा नकार देतो, आणि व्हायोलिन पुन्हा बोलू लागतं. मिलानच्या माणसाला यातलं एकही अक्षर कळण्याची गरज नव्हती. ही बाई आता काहीतरी सांगते आहे आणि लवकरच गाणार आहे, एवढं त्याला जन्मापासून ठाऊक होतं. म्हणून तो गप्प बसणार होता. श्पोरनं श्रोत्यांची सवयच गालिच्याखालून ओढून काढली.

मग आदाजिओ. एफ मेजर, पांढरी चार. हा या रचनेचा प्राण. इथं गाणं सुरू होतं आणि ते गाणं व्हायोलिनचं आहे की गळ्याचं हा प्रश्न थोड्या वेळानं विसरायला होतो. ओळ लांब आहे. माणसाच्या फुप्फुसात मावणार नाही इतकी, आणि तरी मधे श्वास घेतल्यासारख्या जागा आहेत. श्पोरला श्वास घ्यायची गरज नव्हती, गज परतवला की झालं. पण त्यानं त्या जागा ठेवल्या, कारण श्वास न घेणारा गवई खोटा वाटतो. स्वरांभोवती घेतलेले छोटे वळसे, एका स्वरावरून दुसऱ्यावर हळूच सरकत जाणं, आपण ज्याला मींड म्हणू ते, सगळं मोजून मापून लिहिलेलं आहे. इटालियन गायिका ही नक्षी आयत्या वेळी काढत. या जर्मन माणसानं ती आधीच कागदावर उतरवली. इटालियन वादकांबरोबर त्याचं यावरूनच वाजलं होतं. रोमला त्यानं वाद्यवृंदाला बजावलं की छापलेल्यापेक्षा एकही स्वर जास्त वाजवायचा नाही. पण सवयीला औषध नाही. हॉर्नवाले, क्लॅरिनेटवाले आपापल्या जागी आपापली फुलं काढतच राहिले. हे तो ज्या वैतागानं लिहितो ते वाचून मला हसू येतं. आपल्याकडची वाद्यवृंदाची तालीम ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

१८३२ साली श्पोरनं व्हायोलिनवादनाचं एक जाडजूड शिक्षणपुस्तक लिहिलं. त्यात सूर हलवण्याचे, म्हणजे व्हिब्रातोचे, चार प्रकार दिले आहेत : भरभर, सावकाश, सावकाशवरून भरभर आणि भरभरवरून सावकाश. प्रत्येकासाठी लाटेसारखी वेगळी खूण. आणि ताकीद अशी की हे जपून वापरायचं, कारण भावनेच्या भरात गायकाचा आवाज थरथरतो त्याची ही नक्कल आहे. सतत थरथरणाऱ्या माणसाला भावना आहे असं कोण म्हणेल? हे वाचून मी याशा हायफेट्झचं १९५४चं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. अप्रतिम आहे, पण व्हिब्रातो पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत चालू. श्पोरला ते ऐकून नोकर पाठवावासा वाटला असता की काय, कोण जाणे.

आदाजिओ संपता संपता पुन्हा अडथळा. आंदान्ते, दुसरं रेचितातीव्ह. ऑपेराच्या प्रवेशात या जागी निरोप्या येतो, पत्र मिळतं, नायिका निर्णय घेते. इथं निरोप्या नाही, पत्र नाही, तरी निर्णय होतो. बोलणं पहिल्यापेक्षा धिटाईचं, जोडसुरांनी भरलेलं. जणू एकच माणूस स्वतःशी दोन आवाजांत वाद घालतो आहे. आणि मग शेवटचा आलेग्रो मोदेरातो, प्रवेशाची सांगता करणारी द्रुत चीज. इथं व्हायोलिनवादक म्हणून जे दाखवायचं ते श्पोर दाखवतो : रुंद पंजा लागणारे जोडसूर, ट्रिल, धावत्या ताना. तरी चेंडूसारखा उड्या मारणारा गज इथं नाही. तो प्रकार श्पोरला आवडत नसे. गज तारेवर बसून राहावा अशी त्याची धारणा होती. हा भाग मला पहिल्या दोनइतका भिडत नाही, हे सांगून टाकतो. ऑपेरातही शेवटची द्रुत चीज बहुतेकदा गायिकेसाठी असते, नायिकेसाठी नसते.

२७ सप्टेंबर १८१६ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात हा कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजला. वाद्यवृंदाचा म्होरक्या होता आलेस्सांद्रो रोल्ला, ज्याच्याकडे पोरवयातला पागानिनी काही धडे घेऊन गेला होता. त्या अवाढव्य सभागृहात श्पोरचा सूर पोचला, आणि त्याची युक्ती लागू पडली. चार वर्षांनी लंडनमधल्या पहिल्या मैफलीसाठीही त्यानं हीच रचना निवडली.

पागानिनीचं नाव निघालंच आहे तर व्हेनिसची गोष्ट सांगायला हवी. मिलाननंतर काही आठवड्यांनी दोघं तिथं एकाच वेळी होते. पागानिनी श्पोरला भेटायला आला, त्याच्या वादनाची तारीफ केली. श्पोरनं आग्रह केला की मलाही काही ऐकवा. पागानिनीनं टाळलं. माझी पद्धत मोठ्या जमावासाठी आहे, तुमच्यासाठी वाजवायचं तर वेगळं वाजवावं लागेल आणि आत्ता तसं मन नाही, अशा आशयाचं काहीतरी तो म्हणाला. श्पोरला त्याचं वादन ऐकायला पुढं १८३० साल उजाडलं, तेही कासेलमध्ये. डाव्या हाताची सफाई, सुराचा नेमकेपणा यांचं त्यानं मनापासून कौतुक केलं. पण रचनांत आणि सादरीकरणात प्रतिभा आणि पोरकटपणा यांचं विचित्र मिश्रण आहे, असं लिहून ठेवलं.

दोघांमधला फरक एका तांत्रिक गोष्टीत फार गमतीदार दिसतो. पागानिनीचा पहिला कॉन्चेर्तो साधारण याच सुमाराचा. त्यात वाद्यवृंद ई फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोनमध्ये वाजवतो. पागानिनी मात्र स्वतःच्या तारा अर्धा स्वर चढवून घेई आणि बोटं पांढरी दोनची ठेवी. मोकळ्या तारांची झळाळी मिळायची, कठीण जागा सोप्या व्हायच्या, आणि श्रोत्यांना वाटायचं हा माणूस काळी दोनमध्ये हे करतोच कसं. श्पोरच्या घरातही हीच जोडी होती, पण उलटी. डोरेट हार्प वाजवायची. अठरा वर्षांची असताना, फेब्रुवारी १८०६मध्ये, तिचं एकवीस वर्षांच्या श्पोरशी गोथाला लग्न झालं. त्यानं मागणी घातली ती दोघं मिळून वाजवायला बग्गीतून जात असताना, जन्मभर असंच बरोबर वाजवूया का अशा धर्तीची. पुढं हार्प नेण्यासाठी त्यांनी खास गाडी बनवून घेतली. तरी हार्पच्या तारा तुटायच्या. म्हणून श्पोरनं हार्प अर्धा स्वर उतरवली. व्हायोलिनसाठी तो पांढरी दोनमध्ये लिही, हार्पसाठी काळी दोनमध्ये. हार्पला ती पट्टी सोयीची, व्हायोलिनला ही, आणि ऐकू येई ते दोघांचं एकच. एकानं स्वतःच्या तारा ताणून सगळ्यांच्या वर नेल्या, दुसऱ्यानं बायकोच्या तारांवरचा ताण कमी केला. मी यातून नीतिपाठ काढत नाही. पागानिनीचा कॉन्चेर्तो मलाही आवडतो. पण हे दोन कागद शेजारी ठेवून बघावेत.

डोरेटची गोष्ट पुढं खिन्न होते. लंडनला तिनं एरार कंपनीची नवी हार्प घेतली. तारा जास्त ताणलेल्या, पायांखालच्या यंत्रणेची सवय नाही. तब्येत साथ देईना. तिनं हार्प सोडली आणि पियानोकडे वळली. श्पोरनं तिच्यासाठी पियानो आणि चार सुषिरवाद्यांचं पंचक लिहिलं. १८३४च्या नोव्हेंबरमध्ये ती गेली.

१८२२मध्ये संगीतकार वेबरच्या शिफारशीवरून श्पोर कासेलच्या दरबारात संगीतप्रमुख झाला आणि मरेपर्यंत तिथंच राहिला. इथून पुढच्या कामगिरीची यादी मोठी आहे, मी ती धावतपळत सांगतो : हनुवटी टेकवायची पट्टी त्यानं १८२०च्या सुमारास काढली, ती तेव्हा व्हायोलिनच्या मधोमध बसायची, शंभराहून जास्त शिष्य घडवले, त्यांतला फर्डिनांड डाव्हिड पुढं मेंडेल्सोनच्या कॉन्चेर्तोचा पहिला वादक झाला, वाग्नरचा ‘उडता डचमन’ १८४३मध्ये कासेलला केला, ज्या वेळी फारसं कुणी त्याला हात लावत नव्हतं. हे सगळं महत्त्वाचं आहे. पण आपल्या वाचकानं थांबावं अशी एक गोष्ट यात आहे : २८ जुलै १८२३ रोजी कासेलला पहिल्यांदा झालेला त्याचा ऑपेरा ‘जेसोंडा’, कारण तो घडतो गोव्यात.

सोळाव्या शतकाची सुरुवात. राजा मेला आहे आणि त्याची तरुण विधवा जेसोंडा सती जाणार आहे. वेढा घालून बसलेला पोर्तुगीज सेनापती त्रिस्तान द आकुन्या हा तिचा जुना प्रियकर निघतो आणि शेवटी तिला वाचवतो. नादोरी नावाचा तरुण ब्राह्मण तिच्या बहिणीच्या, आमाझिलीच्या, प्रेमात पडून बाजू बदलतो. ही नावं मांडवीच्या काठी कुणी ऐकली असतील असं वाटत नाही. फ्रेंच नाटककार लमिएरच्या ‘मलबारची विधवा’ या नाटकातून ती जर्मन संहितेत आली. संगीतात गोव्याचा वास नाही. आहे तो कासेलचा, दाट आणि अर्ध्या स्वरांनी सरकणारा. सेनापतीच्या नावाचा दर्यावर्दी खरा होऊन गेला, पण १५१०मध्ये गोवा घेतला आल्बुकर्कनं. आणि गोव्याच्या वाचकाला ते नाव वाचून दुसराच एक माणूस आठवेल : त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, ज्यानं उलट पोर्तुगीजांना घालवण्यासाठी आयुष्य वेचलं. जेसोंडा कासेलच्या रंगमंचावर वाचली तेव्हा कंपनी सरकारचा सतीबंदीचा कायदा अजून सहा वर्षं लांब होता, हेही लक्षात असू द्यावं. मला मात्र या ऑपेरात एक वेगळंच कुतूहल वाटतं. सात वर्षांपूर्वी ज्या माणसानं गायिकेला काढून व्हायोलिनला प्रवेश दिला, त्याला इथं खऱ्या गायिका मिळाल्या. शब्द मिळाले, चिता मिळाली, वादळ मिळालं. तरी माझ्या कानाला कॉन्चेर्तोतली बिननावाची बाई जेसोंडापेक्षा जास्त जिवंत वाटते. शब्द आले की श्पोर संहितेच्या मागं चालू लागतो. शब्द नव्हते तेव्हा प्रत्येक अक्षर त्यालाच घडवावं लागलं होतं.

गायकी अंगानं वाजवणं आपल्याला नवं नाही. गजाननबुवा जोशींसारखा माणूस तर स्वतःच गवई आणि व्हायोलिनवादकही होता. श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी ख्यालाचा गळा तारेवर आणला. त्यांना बैठक मारून वाजवायचं असल्यानं श्पोरच्या हनुवटीच्या पट्टीचा काही उपयोग नव्हता. पण व्हायोलिन म्हणजे आवाज चढवायचं यंत्र नव्हे, गळ्याचा भाऊ आहे, हे त्यांनी आपल्या वाटेनं ओळखलं. म्हणूनच मराठी श्रोत्यानं हा कॉन्चेर्तो एकदा ऐकावा असं मला वाटतं. पाश्चात्त्य संगीताच्या दारातून आत जायला कठीण वाटत असेल तर ही खिडकी उघडी आहे.

ऐकायचंच तर हिलरी हाननं वाजवलेली तबकडी घ्यावी. तिनं पागानिनीचा पहिला आणि श्पोरचा आठवा एकाच तबकडीवर ठेवले आहेत. व्हेनिसला जे झालं नाही ते तिथं होतं. पागानिनीनंतर श्पोर ऐकला की काही क्षण रिकामं वाटतं, फटाक्यांनंतर अंगणात उभं राहिल्यासारखं. मग कान सरावतात. एके काळी श्पोरचं नाव बाख आणि बीथोवनच्या पंगतीत घेतलं जाई. १८८५च्या ‘मिकाडो’ या विनोदी ऑपेरातल्या एका गाण्यात ते तसं येतंही. आज ते गाणं गाणाऱ्यांपैकी किती जणांना हा कोण हे ठाऊक असेल!

१८५७मध्ये कासेलच्या दरबारानं त्याला मनाविरुद्ध निवृत्त केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पडून त्याचा हात मोडला. हाड जुळलं, पण व्हायोलिन पुन्हा धरवेना. ते त्यानं ठेवून दिलं. २२ ऑक्टोबर १८५९ रोजी तो गेला.

आंदान्तेच्या त्या जागी मी अजून अडकतो. वाद्यवृंद गप्प झालेला असतो. व्हायोलिन दोन आवाजांत बोलत असतं. वाक्य संपत आलेलं असतं आणि सवयीप्रमाणे वरचा स्वर दाबून खालचा सुटायचा असतो, पण गज तारेवरून उठत नाही. सूर बारीक होत जातो. ला स्कालाच्या खोक्यांमध्ये तेव्हा पत्ते पिसण्याचा आवाज आला असता तर ऐकू आला असता.